ग्वाल्हेरच्या हवेचा हिशेब जानेवारीत मांडा

दिवाळीचे फटाके विझले की ग्वाल्हेरात हवेवरचा वाद पेटतो आणि संक्रांत उलटेपर्यंत त्याच दोन टोकांवर अडकून राहतो. एक पक्ष म्हणतो, "गावच वाटीत वसलंय. भोवती टेकड्या, हिवाळ्यात वारा नाही, उन्हाळ्यात राजस्थानची धूळ. माणसाने करायचं तरी काय?" दुसरा पक्ष म्हणतो, "टेकड्या काय काल उगवल्या? सगळा दोष नगर निगमचा. इंदूरकडे बघा जरा." मंडळाच्या बैठकीत, लग्नाच्या पंगतीत, गणपतीच्या आरतीनंतरच्या गप्पांत हे दोन्ही पक्ष आपण सगळ्यांनी ऐकले आहेत, आणि त्यातल्या एकात बहुतेक जण सामीलही आहेत. माझ्या मते दोघांचाही हिशेब अर्धवट आहे. डोंगर आणि ऋतू हवेवर परिणाम करतात, फार मोठा करतात. पण त्यातून "काही करता येणार नाही" हा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो नेमका उलटा. ज्या गावाची हवा हिवाळ्यात कोंडते त्या गावाने किती धूर सोडायचा, हे त्या हिवाळ्यातल्या सर्वांत वाईट रात्रीवरून ठरले पाहिजे. आणि ज्या महिन्यात हवा कोंडते, त्याच महिन्यात वाचवलेल्या धुराचे फळ सर्वांत जास्त मिळते.

आधी भूगोलवाल्यांची बाजू नीट मांडू, कारण ते स्वतः ती नीट मांडत नाहीत. किल्ला ज्या वालुकाश्माच्या डोंगरावर उभा आहे, तो भोवतालच्या जमिनीपासून साधारण शंभर मीटर उंच. गुप्तेश्वराची टेकडी, मांढरेच्या मातेची टेकडी, या तर त्याहून किरकोळ वाटतात. सह्याद्री पाहिलेला माणूस यांना डोंगर म्हणायला कचरेल. मग एवढ्याशा टेकड्या हवा कशी अडवणार, असे दुसरा पक्ष विचारतो आणि पहिला पक्ष गप्प बसतो. खरे उत्तर असे, की टेकडीची उंची नुसती जमिनीपासून मोजून भागत नाही. त्या दिवशी हवा किती उंचीपर्यंत मिसळते आहे, त्याच्याशी ती ताडून पाहावी लागते. मे महिन्यातल्या दुपारी तापलेली जमीन हवेला दोन-तीन किलोमीटर वर उसळवते आणि धूर तेवढ्या उंचीत विरून जातो. तेव्हा शंभर मीटरच्या टेकडीला काही किंमत नसते. जानेवारीतल्या निरभ्र रात्री मात्र जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते. तिला लागून असलेली हवा गार होते, गार म्हणून जड होते, आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर बसून राहतो. खालची हवा वर जायचे नावच घेत नाही. उत्तर भारताच्या मैदानात अशा रात्री हवा मिसळण्याची उंची शे-दोनशे मीटरवर येते. तेव्हा शंभर मीटरची टेकडीही भिंत होते. वाटी बारा महिने तीच असते. झाकण ऋतू घालतो.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर जानेवारीत सकाळी आठच्या सुमारास उरवाई दरवाजाच्या बाजूने किल्ल्यावर चढावे आणि कठड्याशी उभे राहून खाली लष्कर या जुन्या शहरभागाकडे बघावे. वर आकाश निळसर, स्वच्छ. खाली मातकट करड्या रंगाचा सपाट थर, वरून पट्टी ठेवून आखावा तसा. एखाद्या भट्टीचा धूर काही अंतर सरळ वर चढतो, मग थबकतो, आणि पुढे जागा नसल्यासारखा आडवा पसरत जातो. तासाभराने पाहिले तरी तो तिथेच असतो. उतारांवरची गार हवा रात्रभर ओघळत सखल भागाकडे, स्वर्णरेखा नाल्याच्या अंगाला, जुन्या दाट वस्तीकडे आलेली असते. धुके असेल तर सूर्यही जमिनीपर्यंत पोहोचत नाही आणि हे झाकण दुपारपर्यंत उघडत नाही. लष्कराच्या जुन्या गल्ल्यांतली मुले शाळेला निघतात ती याच थराच्या तळातून.

आता साधा गुणाकार करू. धूर तेवढाच, पण तो मिसळायची उंची दोन हजार मीटरवरून दोनशेवर आली, तर हवेतले त्याचे प्रमाण दहापट होते. वारा मंदावला तर त्याहूनही जास्त. म्हणजे जानेवारीतल्या रात्री शिंदे की छावणीवरून गेलेला एक जुना डिझेल ट्रक, मे महिन्यातल्या दुपारच्या दहा ट्रकांच्या बरोबरीचा. भूगोलवाले हा गुणाकार इथवर आणतात आणि हात टेकतात. पण तोच पुढे चालवा: जानेवारीतला तो एक ट्रक थांबवला तर मे महिन्यातले दहा ट्रक थांबवल्याचा लाभ होतो. ज्या शहराला वाटी नाही, झाकण नाही, त्याला एवढा मोबदला मिळत नाही. मग वाटीत असणे हे हात टेकण्याचे कारण कसे काय ठरते?

"हे दैवाचं आहे" हा युक्तिवाद जुना आहे आणि त्याचा इतिहास चांगला नाही. १९३० च्या डिसेंबरात बेल्जियममधल्या म्यूज नदीच्या खोऱ्यात कारखान्यांचा धूर आणि धुके चार-पाच दिवस कोंडून राहिले आणि साठांहून अधिक माणसे मेली. चौकशी करणाऱ्या डॉक्टरांनी इशारा दिला, की हेच लंडनवर ओढवले तर लोकसंख्येच्या प्रमाणात ३२०० माणसे मरतील. तो कोणी मनावर घेतला नाही. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर तसेच झाकण बसले आणि सरकारी अंदाजानेच सुमारे ४००० माणसे गेली. पुढच्या अभ्यासांनी तो आकडा १२००० पर्यंत नेला. लंडनला तर अशी खोल दरीही नव्हती, नुसते झाकण पुरले. या दोन घटनांच्या मधली तिसरी घटना आपल्याशी सर्वांत जवळची आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात नदीच्या वळणावर, टेकड्यांच्या कुशीत डोनोरा नावाचे चौदा हजार वस्तीचे गाव. गावात पोलाद आणि जस्ताचे कारखाने. १९४८ च्या ऑक्टोबर अखेरीस पाच दिवस हवा हलली नाही. वीस माणसे मेली, हजारो आजारी पडली. कारखाना चालवणाऱ्या कंपनीने सांगितले, ही ईश्वराची करणी. तांत्रिकदृष्ट्या यात थोडे सत्यही होते, कारण ती विचित्र स्तब्ध हवा कंपनीने आणली नव्हती. पण त्या खोऱ्यात तसली हवा कारखान्यांच्या आधीही हजारो वेळा येऊन गेली असणार. तेव्हा ती धुके घेऊन येई आणि धुके घेऊन जाई. माणसे मरायला झाकणाखाली काहीतरी सोडलेले असावे लागते.

तरीही कोणी म्हणेल, की भूगोल आणि धूर यांचा वाटा वेगळा करून दाखवता येत नाही. दोन्ही एकत्रच येतात. एकदा तो वेगळा झाला, तोही जवळजवळ प्रयोगशाळेत व्हावा इतका स्वच्छ. अमेरिकेतल्याच यूटा राज्यात एक खोरे आहे. त्याच्या कडेचे डोंगर आपल्या किल्ल्यासारखे शंभर मीटरचे नाहीत, खोऱ्याच्या तळापासून दोन किलोमीटरहून उंच जातात. हिवाळ्यात तिथे आठवडा-आठवडा हवा कोंडते. खोऱ्यात एक मोठा पोलाद कारखाना होता. कामगारांच्या तंट्यामुळे तो १९८६ च्या ऑगस्टपासून पुढच्या सप्टेंबरपर्यंत बंद राहिला. मधे एक पूर्ण हिवाळा गेला. डोंगर तेच, थंडी तीच, फक्त कारखाना नाही. आर्डेन पोप नावाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने इस्पितळांच्या नोंदी तपासल्या आणि १९८९ मध्ये निष्कर्ष छापला: कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वसनाच्या विकारांनी इस्पितळात दाखल झालेल्या मुलांची संख्या, बंद असलेल्या हिवाळ्याच्या दुप्पट-तिप्पट होती. जिथे डोंगर आपल्यापेक्षा वीसपट उंच, तिथे धुराचा एक उगम बंद झाल्याबरोबर मुलांचे श्वास मोकळे झाले. यानंतर ग्वाल्हेरच्या टेकड्यांकडे बोट दाखवून स्वस्थ बसणे कोणत्या तोंडाने करायचे?

आपल्याच शहराचा एक दाखला द्यायचा तर तो हवेचा नाही, पाण्याचा आहे. ग्वाल्हेरचा उन्हाळा भाजून काढणारा आणि पाऊस जेमतेम अडीच-तीन महिन्यांचा; हाही भूगोलच. पण पाण्याच्या बाबतीत कोणी म्हटले नाही, की नदी आटते त्याला आम्ही काय करणार. संस्थानचे महाराज माधवराव शिंदे यांच्या काळात सांक नदीवर तिघऱ्याचे धरण बांधले गेले. खडकवासल्याला विश्वेश्वरय्यांनी बसवलेले आपोआप उघडणारे दरवाजे यशस्वी ठरले होते, तीच पद्धत तिघऱ्याला आणली. १९१७ मध्ये धरण फुटले. माणसे गेली, मोठी हानी झाली. तरी ते नशिबावर सोडले नाही, पुन्हा बांधले, आणि आजही शहर त्याच्यावर अवलंबून आहे. धरणाचा हिशेब कोणत्या महिन्यावरून करतात? ऑगस्टवरून नव्हे, जूनच्या पहिल्या आठवड्यावरून. सर्वांत कोरड्या दिवसाला घागर भरली पाहिजे, हे धरून साठा ठरवतात. हवेचा हिशेब मात्र आपण वर्षाच्या सरासरीवर मांडतो, आणि त्या सरासरीत श्रावणातली धुतलेली हवा मिसळून जानेवारीचा विषय हलका करतो.

इथे दुसऱ्या पक्षाला, म्हणजे सगळे खापर निगमवर फोडणाऱ्यांना, काही गोष्टी मान्य कराव्या लागतील. मे-जूनमध्ये लू सुटते, पश्चिमेकडून वावटळी येतात, आणि थरच्या वाळवंटापासून इथवरची धूळ हवेत चढते. त्यातली बरीचशी जाड असते आणि ती कोणत्याही ठरावाने थांबणार नाही. जुलै ते सप्टेंबर हवा स्वच्छ होते, तीही कोणाच्या कर्तबगारीने नाही. पाऊस ती धुतो. तेव्हा जूनपेक्षा ऑगस्टची हवा सुधारली म्हणून अभिनंदनाचे फलक लावणे जितके चूक, तितकेच ऑगस्टपेक्षा नोव्हेंबरची हवा बिघडली म्हणून अधिकाऱ्याला धारेवर धरणे चूक. तुलना करायची तर जानेवारीची जानेवारीशी, आणि तीही दोन-चार वर्षे सलग. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वांत दूषित हवेच्या शहरांच्या यादीत ग्वाल्हेर जगात दुसरे आले. सूक्ष्म कणांची, म्हणजे पीएम २.५ ची, वार्षिक सरासरी घनमीटरला १७६ मायक्रोग्रॅम. आपल्या देशाची मर्यादा ४०. त्या यादीवर अनेक आक्षेप घेता येतात: आकडे काही वर्षे आधीचे होते, आणि जिथे मोजमापच होत नव्हते ती शहरे यादीत आलीच नाहीत. ते सगळे खरे. पण पहिले आलेले इराणचे झाबोल हे वाळवंटी धुळीच्या वादळांचे गाव आहे आणि त्याची दशा मुख्यतः वाऱ्याने केली आहे. आपली सर्वांत वाईट हवा वारा पडलेला असताना असते. स्तब्ध हवेत जे साचते ते दूरच्या वाळवंटातून कमी आणि जवळपासच्या चुली, गाड्या, कचऱ्याच्या ढिगांतून जास्त आलेले असते.

"जवळपास" म्हटल्यावर सर्वांत वजनदार आक्षेप पुढे येतो. धूर काही महापालिकेची हद्द पाहून थांबत नाही. हिवाळ्यात गंगेचे सगळे मैदान एका करड्या चादरीखाली असते, ग्वाल्हेर तिच्या दक्षिण काठावर. मग आम्ही आमचे धुराडे बंद केले आणि दिल्ली-पंजाबचा धूर इथे आला, तर उपयोग काय? हा आक्षेप मला अजिबात क्षुल्लक वाटत नाही. राजधानी क्षेत्रासाठी २०२१ च्या कायद्याने हवेचा स्वतंत्र आयोग आला, पण त्याच्या कक्षेत पंजाब, हरियाणा, राजस्थान, उत्तर प्रदेश येतात. मध्य प्रदेश नाही. आग्र्याच्या ताजमहालासाठी १०४०० चौरस किलोमीटरचे संरक्षित क्षेत्र आखले गेले, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या कोळशावर बंदी आणली; ते क्षेत्रही आपल्या अलीकडेच संपते. दिल्लीची गर्दी ओढून घेण्यासाठी ग्वाल्हेरला राजधानी क्षेत्राचे 'काउंटर मॅग्नेट' शहर ठरवले गेले, पण दिल्लीच्या हवेसाठी केलेले कायदे ग्वाल्हेरला लागू नाहीत. या अन्यायावर आपल्या खासदार-आमदारांनी एकमुखाने बोलायला हवे, आणि ते बोलत नाहीत याची मला मनापासून चीड आहे.

पण बाहेरच्या धुराचा पत्ता सांगताना प्रामाणिक राहू. २०२४ च्या हंगामात धानाचे अवशेष जाळण्याच्या उपग्रहांनी टिपलेल्या घटनांत मध्य प्रदेश पंजाबच्याही पुढे गेला. आपल्याच जिल्ह्यातल्या डबऱ्याची मंडी धानाने भरते तेव्हा आपल्याला अभिमान वाटतो. ते धान कापल्यावर शेतात उरलेल्या पेंढ्याचे काय होते? गव्हाची पेरणी तोंडावर, हातात दिवस थोडे, यंत्र भाड्याने घ्यायला पैसे नाहीत. शेतकरी काडी लावतो. त्याला शिव्या देऊन भागणार नाही, पेंढा उचलणारे यंत्र आणि पेंढ्याला गिऱ्हाईक लागेल. मात्र हा धूर लाहोर-लुधियान्याहून आलेला नसतो, झाशी रस्त्यावरून आलेला असतो. बिलौआच्या खडी क्रशरांची धूळही आपल्याच जिल्ह्याची. आणि समजा, निम्मा धूर खरोखर बाहेरचाच आहे. मग तर आपली मोकळीक आणखी कमी होते. जागा आधीच निम्मी भरलेली असताना आपण पूर्वीइतकेच ओतत राहायचे, याला तर्क कसला?

इंदूरचे उदाहरण फेकणाऱ्यांनाही थोडे थांबवायला हवे. इंदूर माळव्याच्या पठारावर, साडेपाचशे मीटर उंचीवर, मोकळ्या वाऱ्यात. ग्वाल्हेर दोनशे मीटरवर, टेकड्यांच्या मधे, गंगेच्या मैदानाला खेटून. सारख्याच धुरात दोघांची हवा सारखी राहणार नाही. शिवाय 'स्वच्छ वायू सर्वेक्षणात' इंदूर २०२३ ला आणि २०२५ ला पहिले आले ते सर्वेक्षण मुख्यतः शहराने काय-काय उपाय केले याला गुण देते. हवा किती शुद्ध झाली याचे ते प्रमाणपत्र नव्हे. तेव्हा "इंदूरने करून दाखवलं" एवढ्यावर वाद संपत नाही. पण भूगोलवाल्यांनी यावर टाळी द्यायची घाई करू नये. त्याच सर्वेक्षणात २०२४ आणि २०२५ ला दुसरे आलेले जबलपूर टेकड्यांमधलेच आहे, आणि तिन्ही वर्षे पहिल्या तिनांत असलेले आग्रा आपल्यापासून सव्वाशे किलोमीटरवर, त्याच धुळीच्या आणि त्याच धुक्याच्या वाटेवर. उपाय करण्यापासून या शहरांना त्यांच्या भूगोलाने अडवले नाही. आपल्याला कशाने अडवले?

माझ्या मते अडवले ते चुकीच्या घड्याळाने. आपले बहुतेक उपाय वर्षभर सारखे, दिवसभर सारखे असतात, किंवा नेमक्या उलट्या वेळी होतात. देशातल्या बहुतेक शहरांप्रमाणे इथेही जड वाहनांना दिवसा शहरात बंदी आणि रात्री मोकळीक. रहदारीसाठी ही सोय उत्तम. पण हिवाळ्यात झाकण सर्वांत घट्ट असते ते रात्रीच, आणि आपण ट्रकांचे तांडे नेमके तेव्हाच आत सोडतो. रस्ते झाडायचे ते पहाटे, कोरड्या झाडूने, जेव्हा उडालेली धूळ माणसाच्या नाकाच्या वर जाऊच शकत नाही. झाडणाऱ्या बाईच्या तोंडाला पदर, बस्स. हेच काम हिवाळ्याचे दोन महिने दुपारी बारानंतर, पाणी शिंपडून केले तर खर्च फारसा वाढत नाही. चौकात कारंजी बसवून आणि तोफेने फवारे मारून मात्र खर्च भरपूर होतो, फोटोही छान येतात. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ ला सुरू झाला. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०२४ मध्ये दाखवून दिले, की त्यातला जवळजवळ दोन-तृतीयांश पैसा रस्त्यावरच्या धुळीवर गेला. जळणातून निघणारे, फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारे, रक्तात शिरणारे बारीक कण फवाऱ्याच्या थेंबांना दाद देत नाहीत. भूगोलाला बोल लावणारे आणि निगमला बोल लावणारे, दोघेही डोळ्यांना दिसणाऱ्या धुळीवरच भांडत बसले, आणि न दिसणारा धूर मोकळा सुटला.

आता शेकोट्यांकडे येऊ, कारण सगळ्यात अवघड प्रश्न तो आहे. थंडी पडली की चौकाचौकांत 'अलाव' पेटतात. प्रशासनही लाकडे टाकते. महाराज बाड्याच्या चौकात रात्री अकराला अशा शेकोटीशी उभे राहून पाहा. लाकडे तासाभरात संपलेली असतात. मग दुकानांमागचे खोके येतात, रंग लावलेल्या प्लायचे तुकडे, फाटकी रबरी चप्पल, कधी टायरची पट्टी. धूर काळा होतो, डोळे चुरचुरतात, कोणी उठत नाही, कारण पाठीमागे चार अंश थंडी आहे आणि हमालाच्या अंगावर एकच घोंगडे. त्या माणसाला हवेच्या निर्देशांकाचे व्याख्यान द्यायचे? नाही. पण त्या शेकोटीचा धूर सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त त्याच्याच छातीत जातो, ही गोष्ट दयेच्या नावाखाली लपवायचीही नाही. पोलंडमधले क्राकोव हे शहर असेच नदीच्या खोऱ्यात, हिवाळ्यात कोंडणारे. घराघरांत कोळसा आणि लाकूड जळे. २०१९ च्या सप्टेंबरपासून त्यांनी घरगुती जळणात दोन्हींवर पूर्ण बंदी आणली, पण त्याआधी काही वर्षे शेगड्या बदलून द्यायला लोकांना पैसे दिले. आधी पर्याय, मग बंदी, हा क्रम महत्त्वाचा. ग्वाल्हेरात याचा अर्थ असा: नीट दार असलेला, विजेने ऊब दिलेला रैनबसेरा, म्हणजे रात्रनिवारा, स्टेशनजवळ, बाड्याजवळ, हजिऱ्याला, रात्रपाळीच्या हमाल-रिक्षावाल्यांना चांगले घोंगडे, आणि लाकडावर होणारा सरकारी खर्च तिकडे वळवणे. क्रशरवाल्यांचेही तेच. त्यांची रोजी बारा महिने बंद करा असे कोणी म्हणत नाही. यंत्रांना आच्छादन, पाण्याचा मारा, आणि वर्षातल्या मोजक्या स्तब्ध रात्री काम थांबवणे, इतकेच.

त्या मोजक्या रात्री आधी कळतील कशा, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर तयार आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने दिल्लीसाठी २०१८ पासून पूर्वसूचनेची व्यवस्था उभी केली आहे. पुढच्या काही दिवसांत हवा किती उंचीपर्यंत मिसळेल, वारा किती असेल, धूर किती वाहून जाईल, याचा अंदाज ती देते. ग्वाल्हेरच्या वाटीसाठी हे गणित करायला अडचण बुद्धीची नाही, मागणी करण्याची आहे. तसा अंदाज हाती आला, की आज रात्री ट्रक वळणरस्त्याने जातील, उद्या शाळा दहाला भरेल, परवा क्रशर बंद, असे निर्णय दोन दिवस आधी घेता येतात. भूगोलाला दोष देणाऱ्या प्रत्येकाने खरे तर ही मागणी सर्वांत मोठ्याने करायला हवी होती. भूगोल जर एवढा बलवान आहे, तर त्याचा रोजचा अंदाज आपल्या हातात का नको?

एक शेवटचा मुद्दा, ज्यावर बोलले की आपलीच माणसे रागावतात. ग्वाल्हेरचा हिवाळी मेळा १९०५ पासून चालत आलेला, माधवरावांनी सुरू केलेला, आपल्या सगळ्यांच्या मायेचा. अलीकडे त्याचे मोठे आकर्षण असते नव्या गाड्यांवर रोड टॅक्समध्ये मिळणारी पन्नास टक्के सूट. दूरदूरचे लोक त्यासाठी येतात, व्यापाऱ्यांचा हंगाम होतो, आणि मेळा जगायचा तर ही सूट हवी, हे व्यापाऱ्यांचे म्हणणे मला पटते. पण ही सूट सरकार देते ती वर्षातल्या सर्वांत कोंडलेल्या महिन्यात, सर्वांत कोंडलेल्या शहरात, आणि धुराची कोणतीही अट न घालता. अट घालता येते. जो आपली पंधरा वर्षांची जुनी गाडी अधिकृत भंगार केंद्रात दिल्याचा दाखला आणेल, त्याला पूर्ण सूट, विजेवरची गाडी घेणाऱ्याला पूर्ण सूट, बाकीच्यांना पाव. विक्री होईल, मेळा भरेल, आणि नव्या गाडीबरोबर एक काळा धूर ओकणारी जुनी गाडी रस्त्यावरून जाईल. आदेश परिवहन विभागाचा, मंजुरी मंत्रिमंडळाची, आणि सूट द्यायची त्या वर्षी दोन्ही नव्याने निघतातच. व्यापारी संघ आणि आपली मंडळे यांनी या वर्षीचा आदेश निघण्यापूर्वी ही अट लेखी मागावी.